पानाची डावी बाजू आणि न्यू जर्सीची नातवंडं

पत्र

डॉक्टर, मी नाशिकला राहते, वय ६३. मुलगी, जावई आणि दोन नातवंडं (नातू सात वर्षांचा, नात तीन) न्यू जर्सीत असतात. डिसेंबरात माझ्या धाकट्या मुलाचं लग्न आहे. त्यासाठी ते तीन आठवडे येणार आहेत. गेल्या तिन्ही खेपांना आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडली. मागच्या खेपेला नातवाला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. तेव्हा आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, येताना पोरांनी हौसेनं उसाचा रस प्यायला, एवढंच काय ते बाहेरचं. बाकी सगळं घरचं जेवण.

आता मुलगी फोनवर म्हणते, "आई, या वेळी आम्ही घरचं पाणी पिणार नाही, लग्नातही जेवणार नाही. आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना रोज एक अँटिबायोटिक देणार." डॉक्टर, घरी आरओ आहे. याच घरात, याच पाण्यावर चाळीस वर्षं मी मुलं वाढवली. तीही इथेच वाढली ना? मग आता तिलाच का बाधतं? व्याह्यांकडचे काय म्हणतील, घरची लेक पंगतीला बसत नाही म्हणून? शेजारच्या ताई म्हणतात, आल्या आल्या सगळ्यांना जंताचं औषध आणि कुटजारिष्ट द्या. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर

ताई, आधी तुमच्या मनाला जे लागलंय त्याबद्दल. तुमच्या मुलीनं पोटच्या पोराच्या हातात दोन दिवस सुई पाहिली आहे. ती बोलते ते त्या धास्तीतून. तुमच्या स्वयंपाकघरावर तिचा राग नाही. आणि तुम्ही दुखावल्या गेलात तेही साहजिक आहे, कारण लेकीनं आपल्या हातचं पाणी नाकारणं कुठल्याच आईला सोसत नाही. पण दोघी 'घरचं पाणी' या एका शब्दावर अडून बसला आहात, आणि खरा गुन्हेगार बहुतेक वेळा दुसरीकडूनच आलेला असतो. त्याचा माग काढता येतो. तुमच्याच पत्रात त्याची एक खूण आहे.

दिवस मोजा. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत भडाभडा उलट्या झाल्या, तर ती अन्नात आधीच तयार झालेल्या विषाची बाधा. बराच वेळ बाहेर राहिलेला भात, खव्याची मिठाई असे पदार्थ त्यामागे असतात, आणि ते साधारण दिवसभरात निवळतं. परदेशातून आलेल्यांना जे जुलाब होतात ते सहसा असे नसतात. त्यातला सर्वांत नेहमीचा जिवाणू, म्हणजे विष सोडणारा ई. कोलाय, पोटात गेल्यापासून एक ते तीन दिवसांनी त्रास देतो. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा दुसरा एक आहे, त्याला दोन ते पाच दिवस लागतात. तुमची मंडळी चौथ्या-पाचव्या दिवशी आजारी पडली. म्हणजे बी पडलं ते पहिल्या ते तिसऱ्या दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी उसाचा रस होता. त्या रसानंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तपासणी झालेली नाही. पण रसवंतीगृहात पुढच्या वेळी जाल तेव्हा नीट बघा. ऊस धुतलेला असतो की नुसता पुसलेला, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली असते का, आणि रिकामे पेले एकाच बादलीत बुचकळून परत भरले जातात का. बर्फात जिवाणू मरत नाहीत, ते निपचित पडून असतात. रसात बर्फ विरघळला की ते पुन्हा कामाला लागतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न: इथेच वाढलेल्या मुलीला का बाधतं?

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. काही प्रकारांना मात्र आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसायला केसांसारखे तंतू असतात, आणि तिथे बसून ते विष सोडतात. हे विष अस्तर फाडत नाही, जखम करत नाही. ते पेशींना उलटी आज्ञा देतं: क्षार बाहेर टाका. क्षारांमागोमाग पाणी येतं, आणि माणूस नळ सोडल्यासारखा शौचाला जातो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जिवाणूही याच वाटेनं जातो. हे कोडं उलगडणारे शास्त्रज्ञ आपल्याच देशातले, कलकत्त्याचे शंभुनाथ डे. सशाच्या आतड्याचे छोटे छोटे भाग दोऱ्यानं बांधून त्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की पटकीचं मूळ जिवाणूनं सोडलेल्या विषात आहे. त्याच्या तीन वर्षं आधी त्यांनी ई. कोलायच्या काही प्रकारांवरही अशाच पद्धतीनं काम केलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवं, असं मला फार वाटतं.

अशा जिवाणूंशी आपली रोज थोडीथोडी गाठ पडत असते, म्हणून आतडं त्यांना ओळखून असतं. ही ओळख कायमची नसते. माणूस काही वर्षं दुसऱ्या देशात राहिला की ती पुसट होत जाते. तुमची मुलगी नाशिकची असली तरी तिचं आतडं आता न्यू जर्सीचं झालंय, आणि नातवंडांची तर इथल्या जिवाणूंशी कधी ओळखच झालेली नाही. एडनला नव्यानं गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या जुलाबांमागे ई. कोलायचाच एक प्रकार सापडला होता. ते संशोधन १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. धट्टेकट्टे जवान होते ते. तब्येत दणकट असून उपयोग नसतो, गावाची सवय लागते. ज्या भागांत हा धोका जास्त आहे तिथे दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्या प्रवाशांपैकी ३० ते ७० टक्के लोकांना कधी ना कधी हा त्रास होतो, आणि दर दहांतल्या आठ-नऊ वेळा कारण जिवाणूच असतात. तेव्हा मुलीला 'नाजूक झालीस' असं म्हणू नका.

आणि ताई, रागावू नका, पण एक विचारते. चाळीस वर्षांत मुलांना कधी हगवण लागली नव्हती का? पावसाळ्यात, आंब्याच्या दिवसांत, एखाद्या लग्नाहून आल्यावर? लागली असणार. आपण तांदळाची पेज दिली, दोन दिवस शाळा बुडाली, आणि आपण विसरलो. पाणी निर्दोष होतं म्हणून मुलं वाढली असं नाही. दुखण्यातून उठत उठत वाढली.

मी डॉक्टर असून माझ्या हातून हेच झालं आहे. भाची लंडनहून पाच वर्षांनी आली, तिला पुदिन्याची चटणी आवडते म्हणून मी पहाटे उठून वाटली. दुपारपर्यंत ती ओट्यावर होती. तिसऱ्या दिवशी भाची अंथरुणात. त्या चटणीत मीठ, मिरची, लिंबू सगळं होतं, आणि प्रेमही होतं. फक्त विस्तव लागला नव्हता.

आता घरातलं पाणी. आरओ असेल आणि त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदललेलं असेल तर यंत्रातून पडणारं पाणी चांगलंच असतं. पण ते पुढे कुठे जातं ते बघा. माठात. माठावर पेला उपडा ठेवलेला, बाजूच्या खुंटीला ओगराळं. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते बुडवतो. कुणाची बोटं पाण्याला लागतात, कुणी प्यायलेलाच पेला सरळ आत घालतो. लग्नघरात तर दिवसाला पन्नास हात त्या माठात जाणार. शिगेला नावाचा जिवाणू आहे, रक्ताची आव होते ती बहुतेक वेळा त्याच्यामुळे. त्याचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. दहा ते शंभर म्हणजे बोटावर दिसतही नाही इतकं.

म्हणून असं करा. रोज रात्री मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर एक मिनिट राहू द्या, झाकून गार करा आणि तोटी असलेल्या स्टीलच्या पिंपात भरा. हे पाणी फक्त अमेरिकेच्या पाहुण्यांचं असं ठेवू नका. लग्न होईपर्यंत घरातले सगळेच ते पितील. नवरामुलगासुद्धा, कारण हळदीच्या दिवशी त्याचंही पोट बिघडायला नको. एकदा हा घराचा नियम झाला की मुलीनं वेगळी बाटली काढण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तुमच्याही मनाला लागत नाही. दात घासायला हेच पाणी. बाटलीचं पाणी बाहेर जाताना ठीक आहे, सील तुमच्या डोळ्यांदेखत तुटलं पाहिजे. फोनवर मुलीला सांगा, 'या वेळी आपण सगळेच उकळलेलं पिणार आहोत.' बघा, तिचा आवाजच बदलेल.

पंगतीचं म्हणाल, तर तिला बसू दे. ताट कसं वाढायचं तेवढं ठरवा. आपल्या पानाची वाटणीच अशी आहे की मला दर वेळी नवल वाटतं. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाज्या, आमटी, मध्ये वरणभात. म्हणजे डावीकडे बहुतेक कच्चं, उजवीकडे चुलीवरून आलेलं. लेकीनं आणि नातवंडांनी डावी बाजू रिकामी ठेवायची. लोणचं चालेल, त्यात मीठ, आंबटपणा आणि तेल भरपूर असतं. पापड-कुरडई चालेल, कढईतून निघालेली असते. कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, कच्चा कांदा, बुंदीचं रायतं, मठ्ठा नको. केळीचं पान असेल तर धुतल्यावर कोरड्या स्वच्छ कापडानं पुसून घ्या.

यात वेळेला फार महत्त्व आहे. शिगेला थोडासा पुरतो, पण विष सोडणाऱ्या ई. कोलायला माणूस पाडायला लाखो-कोटींची फौज लागते. अनुकूल उबेत तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे पहाटे साडेपाचला चिरलेल्या काकडीवर एक जरी जिवाणू असला आणि सगळं त्याच्या मनासारखं झालं, तर साडेबाराच्या पंगतीपर्यंत सात तासांत वीस लाख होतात. म्हणून ताजं आणि वाफाळतं अन्न सुरक्षित, आणि तेच अन्न दोन-तीन तास कोमट पडून राहिलं की नाही. बुफे असेल तर घरच्यांना पहिल्या अर्ध्या तासात जेवायला बसवा. आचाऱ्याला किंवा केटररला दोन दिवस आधी एवढंच सांगा की लहान मुलांसाठी वरणभात आणि बटाट्याची भाजी शेवटी गरम करून द्या आणि पोळ्या तव्यावरून थेट ताटात येऊ द्या. कोणीही आनंदानं करेल. आणि वेलकम ड्रिंक म्हणून रंगीत सरबत हातात देतात, बर्फ घातलेलं, ते मुलांच्या हाती पडता कामा नये. सगळ्यांचं लक्ष नवरानवरीकडे असतं आणि पोरं तेच दोन-दोन पेले पिऊन मोकळी होतात.

व्याह्यांकडचे काय म्हणतील याची चिंता सोडा. लेक पंगतीत बसलेली असेल, हसत-बोलत जेवत असेल, पानात कोशिंबीर आहे की नाही हे कोण बघतंय?

नाशिकला येऊन मिसळ खाल्ली नाही तर जावयांना चैन पडणार नाही, हे मी गृहीत धरते. खाऊ दे. उकळता रस्सा हा सुरक्षित पदार्थ आहे. वरचा कच्चा कांदा, सोबतचं दही आणि ताक बाजूला ठेवायचं. तिखटानं जिवाणू मरतात हा समज खोटा आहे, मारते ती उकळी. पाणीपुरी मात्र या खेपेला घरीच, उकळलेल्या पाण्यात केलेली. फळं सोलून खायची ती द्या: केळी, संत्री. सोलायच्या आधी हात साबणानं धुतलेले हवेत, मुलांचे आणि तुमचेही.

अँटिबायोटिकचं. इथे मला मुलीला कळकळीनं सांगायचं आहे: रोज एक गोळी, आजार नसताना, निरोगी मुलांना, हे करू नकोस. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं रान त्यामुळे मोकळं होतं आणि तिथे औषधाला दाद न देणारे येऊन वसतात. नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दक्षिण आशियातून परतलेल्या प्रवाशांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या आतड्यात असे हट्टी जिवाणू नव्यानं आलेले दिसले. प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतली त्यांच्यात ही शक्यता अधिक होती. आपण लेकरांच्या पोटात हे सामान भरून परत पाठवायचं का?

गोळी बरोबर असावी, पण डब्यात. मोठ्यांना जुलाबांनी अंथरूण धरायला लावलं, ताप आला किंवा रक्त पडलं, तर ती लागते. कोणती, तेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये 'जुलाब' म्हटलं की नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेली गोळी पुढे येते. या भागातल्या कॅम्पिलोबॅक्टरनं नॉरफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्याला केव्हाच जुमानणं सोडलंय. म्हणून दक्षिण आशियात येणाऱ्या प्रवाशांना आता साधारणपणे अझिथ्रोमायसिन सुचवतात. मुलीनं तिथल्या डॉक्टरांकडून ते डोससकट लिहून आणावं. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो बालरोगतज्ज्ञानंच ठरवायचा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड मुलांना देऊच नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही नाही. आत अडकलेली घाण बाहेर पडायला हवी असते.

शेजारच्या ताईंना नमस्कार सांगा, पण जंताच्या औषधाचा जिवाणूंवर काही परिणाम होत नाही. कुटजाची साल हगवणीवर पूर्वापार दिली जाते हे खरं. तरी तीन वर्षांच्या मुलीला कुणाच्याही सांगण्यावरून अरिष्ट देऊ नका.

इतकं सांभाळूनही पोट बिघडलंच तर? बिघडू शकतं, आणि त्यात तुमचा दोष नसेल. बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत आपोआप बरं होतं. तेवढ्या काळात शरीरातलं पाणी टिकवणं हेच खरं औषध. मघाशी म्हटलं ना, विष अस्तर फाडत नाही? त्यामुळे साखरेचा हात धरून मीठ आत शिरण्याची वाट उघडीच राहते, आणि मिठामागून पाणी आत येतं. सगळं ओआरएस या एका गोष्टीवर उभं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. एखादी आजी चमच्यानं जे देऊ शकते त्याची ताकद एवढी आहे.

ओआरएसच्या चार-सहा पुड्या आत्ताच आणून ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, पाण्यात कमी-जास्त करायचं नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. फळांच्या चवीची खोकी ओआरएससारखी दिसतात, त्यांत साखर भारी असते, ती नकोत. प्रत्येक जुलाबानंतर नातवंडांना अर्धा ते एक पेला, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत. घटाघटा घाईनं पाजलं की उलटून पडतं, चमच्यानं राहतं. उपाशी ठेवू नका. मऊ भात, वरण, ताजं दही, केळं, जे खाईल ते.

दवाखान्यात लगेच कधी न्यायचं: शौचातून रक्त, अंगात चांगला ताप, सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त पडलेलं, किंवा चमच्यानं दिलेलंही पोटात ठरत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी 'लग्नाची गडबड आहे, उद्या बघू' असं करू नका. मांडवातून उठून जा.

मुलीला या आठवड्यात आणखी एक काम सांगा. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी चौघांनी तिथल्या डॉक्टरांना भेटून टायफॉइड आणि हेपॅटायटिस-ए च्या लशी झाल्यात का ते तपासून घ्यावं. आईवडिलांच्या घरी जाणारी मंडळी 'आपलंच गाव' म्हणून हे टाळतात, आणि टायफॉइड त्यांनाच जास्त गाठतो. टायफॉइड जुलाबांनी सुरू होईलच असं नाही, नुसता चढता ताप असतो, आणि तो परत गेल्यावर आठवड्या-तीन आठवड्यांनीही येऊ शकतो. तेव्हा जानेवारीत तिकडे कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं: आम्ही नुकतेच भारतातून आलोय.

तोटीचं पिंप मात्र आत्ताच घेऊन ठेवा, लग्नसराईत चांगलं मिळत नाही.